कप्तानांचा लोकरीचा कुत्रा

हिवाशिमा,
९ ऑक्टोबर २००५

चि. मिनेको हिस,
अ. उ. आ.

तुझं पार्सल मंगळवारच्या बोटीनं आलं. लोकरीचे बाराच्या बारा गुंडे शाबूत. फक्त वर ठेवलेल्या लाल मिसोच्या डब्याचं झाकण सैल होतं, त्यामुळे पिवळ्या लोकरीला अजून सुपाचा वास येतोय. त्या लोकरीची कोंबडीची पिल्लं करायची ठरवली आहेत. तोमेआजी म्हणतात, पिल्लं भाताबरोबर खावीशी वाटली तर बिघडलं कुठं. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई, तीन वर्षं माझ्या वर्गाला येते, आजवर बेडकाशिवाय दुसरा प्राणी विणला नाही, पण मत मात्र सगळ्या प्राण्यांवर!

आता खरी बातमी. गेल्या महिन्यात एका बुधवारी आम्ही सातही जणी मच्छीमार सोसायटीच्या वरच्या खोलीत विणत बसलो होतो. दार सरकलं आणि आत कोण यावं? ओकिता कप्तान! तुला आठवतील. माझ्या लग्नानंतर तू पहिल्यांदा बेटावर आलीस, बोटीतून समुद्रपक्ष्यांना पाव टाकायला लागलीस आणि भोंग्यातून तुझ्यावर ओरडले होते, तेच. एकेचाळीस वर्षं ती बोट चालवून निवृत्त झाले. जुलैत त्यांना झटका येऊन गेला. चालणं-बोलणं ठीक आहे, पण उजव्या हाताची बोटं ऐकेनाशी झालीत. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो यांनी दुसऱ्याच दिवशी समुद्रात भिरकावला. मग डॉक्टरांनी वीणकाम सुचवलं. हे सगळं त्यांनी मला अगदी कानात सांगितलं. पण जन्मभर इंजिनाच्या वरताण बोलायची सवय, त्यामुळे सातही जणींनी नीट ऐकलं आणि कोणाला सांगणार नाही अशी शपथही घेऊन टाकली.

बिचारे सुई आणि लोकर गळांच्या डब्यात लपवून आणतात. वाटेत कोणी विचारलं तर मासे धरायला चाललो म्हणतात. वर्गात खिडकीकडे पाठ करून बसतात. सोपा म्हणून मी त्यांना ऑक्टोपस दिला, त्याला नऊ पाय झाले. मी म्हटलं, कप्तान, एक पाय जास्त झालाय. तर मलाच विचारतात, तुम्ही किती ऑक्टोपस धरलेत, बाई? मी म्हटलं, धरला एकही नाही, पण शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं चिरलेत आणि दर वेळी पाय आठच निघाले. तेव्हा पहिल्यांदा हसले. हसताना हा माणूस अगदीच वेगळा दिसतो.

वीस मार्चला तुझ्याकडे कायमची यायचं ते पक्कं. भांडी वाटायला सुरुवात केली आहे. मोठं पातेलं तोमेआजींनी मागायच्या आतच उचलून नेलं.

लोभ वाढवावा आणि राखाडी लोकर लौकर पाठवावी.

तुझी,
सावाएताई


इचिनोमिया,
१७ ऑक्टोबर २००५

ती. सावाएताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून दोनदा वाचलं. तुझा संधिवात: अर्धी ओळही नाही. तुझ्या गळक्या न्हाणीघराचं काय झालं: अवाक्षर नाही. ओकिता कप्तान: पान दीड. ताई, मी तुझी धाकटी बहीण असले तरी एकसष्ट वर्षांची आहे. मला काही कळत नाही असं समजू नकोस.

राखाडी लोकर चार गुंडे पाठवते आहे. कोणासाठी, ते विचारत नाही. पण त्यांना सांग, पाव टाकल्याबद्दलचा तो ओरडा मी अजून विसरलेले नाही. सगळी बोट माझ्याकडे वळून बघत होती, आणि मी नवा कोट घातला होता.

वरची खोली तयार आहे. लोकरीची खोकी काढून मागच्या बाजूला रचली, चटया बदलून घेतल्या. खिडकीतून निवाबाईंचं कॉफीचं दुकान दिसतं. रोज सकाळी आपण दोघी तिथं जाऊ. कॉफी मागवली की टोस्ट आणि उकडलेलं अंडं आपोआप येतं, हे तुला माहीतच आहे. आता नव्यानं वाटीभर लापशीही देतात. हे गेल्यापासून मी एकटीच जाते आणि अंडं रुमालात बांधून घरी आणते. एकटीनं दोन-दोन घास खाऊन कंटाळा येतो गं. भाताचं भांडं कितीही कमी लावलं तरी संध्याकाळी उरतोच.

तुझ्या खोलीसाठी भिंतीवरचं घड्याळ आणलंय, टिकटिक न करणारं. पाच महिने राहिले. बोटांवर मोजते आहे.

तब्येतीला जप. माझ्यावर लोभ आहेच, त्यात भागीदार आणू नकोस.

तुझी,
मिनेको


हिवाशिमा,
२८ नोव्हेंबर २००५

चि. मिनेको हिस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. इथं जे घडलं ते लिहायला बसले की हसू येतं आणि पेन बाजूला ठेवावं लागतं. आज चौथा प्रयत्न.

तीन तारखेला गावचा संस्कृती-दिन होता. खालच्या सभागृहात आमच्या वर्गाचं टेबल मांडलं होतं. पिल्लं, ससे, दोन अस्वलं आणि तोमेआजींचे एकोणीस बेडूक. कप्तान वरच्या खोलीत एकटे बसून तुझ्या राखाडी लोकरीच्या देवमाशाची शेपटी पुरी करत होते. इतक्यात त्यांच्या बोटीवरचे तिघे जुने खलाशी त्यांना शोधत आले. जिन्यावर पावलं वाजली मात्र, कप्तानांनी देवमासा डोक्यावर ठेवला, वरून टोपी दाबली आणि मागच्या जिन्यानं धूम ठोकली.

पण लोकर तोडायची राहिली! आणि गुंडा घरंगळू नये म्हणून त्याचं टोक खुर्चीच्या पायाला बांधायला मीच शिकवलेलं. झालं, कप्तान पुढं आणि राखाडी धागा मागं. मागच्या जिन्यावरून, टोफूवाल्याच्या दारावरून, देवळाच्या पायऱ्यांना वळसा घालून थेट धक्क्याकडे. आधी टोफूवाली बाई बाहेर आली, मग पोस्टमन, मग सगळं सभागृहच रिकामं झालं. कोणी धाग्यावर पाय देत नव्हतं. जणू एखादी मिरवणूक निघावी तसे सगळे धाग्याच्या दोन्ही अंगांनी चालत होते. मी सुई हातात घेऊन, आणि माझ्यामागून तोमेआजी काठी आपटत ओरडतायत, की कापू नका, कुठवर जातो ते बघू दे!

धक्क्यावर दुपारची बोट लागलेली, माणसं उतरत होती. नेमका तिथं गुंडा संपला. धागा ताणला, आणि देवमाशानं टोपीसकट मागं उडी मारली. कप्तान वळले. समोर अख्खं गाव, मागं अख्खी बोट. मला वाटलं आता हा माणूस समुद्रात उतरतो. पण त्यांनी वाकून देवमासा उचलला, झटकला आणि गरजले की हो, मी विणतो, हा देवमासा आहे, कोणाला काही म्हणायचंय? आणि मग बोटीच्या भोंग्यातून नव्या कप्तानाचा आवाज आला, की साहेब, शेपटी जरा डावीकडे झुकलीय.

मिनेको, काय हसले गं लोक! आणि सगळ्यांत मोठ्यानं ते स्वतः. पुढच्या बुधवारी ते तिघे खलाशी गळांचे डबे घेऊन वर्गात हजर. एकाला खेकडा करायचाय, दुसऱ्याला नातीसाठी ससा, तिसरा सांगतच नाही. कप्तान आता खिडकीकडे तोंड करून बसतात, आणि कोणाचा टाका चुकला की त्या नवशिक्यांवर असे ओरडतात की मलाच त्यांना गप्प करावं लागतं.

यायचं मार्चमध्ये ठरलंय खरं, पण नव्या चौघांचा हात बसेपर्यंत वर्ग सोडणं बरं नाही. एप्रिल चालेल का? किंवा मे. मेमध्ये हवाही चांगली असते.

राग न धरणारी माझी शहाणी बहीण आहेस, तशीच राहा.

तुझी,
सावाएताई


इचिनोमिया,
६ डिसेंबर २००५

ती. सावाएताईस,
शि. सा. न. वि. वि.

देवमाशाची गोष्ट वाचून मी इतकी हसले की लोकर घ्यायला आलेल्या बाईंनाही वाचून दाखवावी लागली. त्यांनी तीन गुंडे जास्त घेतले. तेवढं झाल्यावर शेवटचा परिच्छेद वाचला.

एप्रिल. किंवा मे. हवा चांगली असते म्हणून. ताई, हवा काय, ऑक्टोबरातही चांगली असते.

मी रागावलेली नाही. फक्त नव्या चटया आहेत, घड्याळ आहे, आणि परवा तुझ्यासाठी भाताचा वाडगाही घेऊन आले, निळ्या फुलांचा. तो कपाटात माझ्या वाडग्यावर ठेवलाय, त्यामुळे रोज माझा काढायला तुझा उचलावा लागतो. तेव्हा मग थोडी रागावते.

तुला यायचं नसेल तर सरळ सांग. आडून आडून सांगितलेलं मला नेहमी जास्त लागतं, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

थंडी वाढली आहे, गुडघे झाकून झोप. लोभ कमी झालेला नाही, वाडग्याशप्पथ.

तुझी,
मिनेको


हिवाशिमा,
१० जानेवारी २००६

श्रीमती मिनेको हायाशिदा यांसी,
कृ. सा. न. वि. वि.

आज वारा वायव्येचा, लाटा मध्यम, दृश्यमानता चांगली. नव्या वर्षाच्या शुभेच्छा.

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, त्याबद्दल क्षमा असावी. हे पत्र उजव्या हातानं लिहितो आहे. ऑगस्टमध्ये त्या हातात काडी धरता येत नव्हती. आज पत्र लिहिता येतं, याचं श्रेय आपल्या भगिनींना आहे.

मुद्द्यावर येतो. सावाएबाईंशी विवाह करावा अशी माझी इच्छा आहे. घरच्या वडीलधाऱ्यांना आधी विचारावं ही रीत मी मानतो. पण मी सत्तरीचा आणि त्या सदुसष्टच्या, तेव्हा आमच्याहून वडीलधारं कोणी उरलेलं नाही. तोमेआजी आहेत, पण त्यांना सांगणं म्हणजे भोंग्यातून सांगणं. म्हणून आपल्याला विचारतो.

माझी माहिती: पत्नी नऊ वर्षांपूर्वी वारली. मूलबाळ नाही. दात स्वतःचे एकोणीस. छप्पर गळत नाही. घोरतो असं खलाशी सांगतात, पण ते इंजिनालाही घोरणं म्हणतात. स्वयंपाकात मासे भाजता येतात, बाकी काही नाही.

कारण विचाराल तर एवढंच सांगता येईल. हात गेल्यापासून कोणासमोर काही चुकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. दुकानात सुटे पैसे सांडले तर तसेच टाकून यायचो. सावाएबाईंच्या समोर चुकायची मात्र मला लाज वाटत नाही. त्या चूक दाखवतात, उसवायला लावतात, आणि पुढच्याच मिनिटाला चहा देतात.

त्या आपल्याकडे येणार होत्या, हे मला ठाऊक आहे. आपलं माणूस मी नेतो आहे, हेही ठाऊक आहे. म्हणून हे पत्र लिहायला नऊ दिवस लागले.

उत्तर काय यायचं ते येवो, आपल्याविषयी आदर राहील.

आपला नम्र,
इसामु ओकिता

ता. क. तीस वर्षांपूर्वी आपल्यावर ओरडलो होतो असं कळलं. नियम नियम असतो, पण आवाज कमी ठेवता आला असता.


इचिनोमिया,
१८ जानेवारी २००६

श्री. ओकिता कप्तान यांस,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. ते वाचून मी दुकान अर्धा तास बंद ठेवलं.

छत्तीस वर्षं लोकर विकते आहे. गोड बोलणारी माणसं पुष्कळ पाहिली, पत्रं तर कोणालाही लिहिता येतात. माझी बहीण अशीच कोणाच्या हाती देणार नाही. आपली परीक्षा घ्यायची आहे.

सोबत तपकिरी लोकरीचा एक गुंडा पाठवला आहे. एकच. त्याचा एक कुत्रा विणून मला पाठवा, आपल्या पंचांगात हे वर्षही कुत्र्याचंच आहे. चुकलात तर उसवा, पण दुसरा गुंडा मिळणार नाही. कोणाची मदत घ्यायची नाही. ताईचा हात मी टाक्यावरून ओळखते, लबाडी लगेच कळेल. मुदत फेब्रुवारीअखेर. आणि निकाल लागेपर्यंत ताईजवळ यातलं एक अक्षर काढायचं नाही.

तो कोट निळा होता. आपल्याला आठवत नसेल, मला आठवतो.

कळावे. लोभाचं काय ते कुत्रा आल्यावर बघू.

मिनेको हायाशिदा


हिवाशिमा,
२१ फेब्रुवारी २००६

श्रीमती मिनेको हायाशिदा यांसी,
सा. न. वि. वि.

सोबत कुत्रा.

कुत्राच आहे.

इसामु ओकिता


इचिनोमिया,
२७ फेब्रुवारी २००६

ती. सावाएताईस,
शि. सा. न. वि. वि.

आता सगळं सांगायला हरकत नाही, कारण निकाल लागला.

कप्तानांनी जानेवारीत मला पत्र लिहून तुला मागणी घातली. मी त्यांना एक गुंडा लोकर पाठवली आणि एकट्यानं कुत्रा विणून पाठवा म्हणाले. आणि ताई, तुझ्यापासून कशाला लपवू, मी त्यांना नापास करायचं ठरवूनच परीक्षा घेतली होती. त्या हातानं, एका गुंड्यात, कोणी न शिकवता जमणारच नाही, असा माझा हिशेब होता. मग मी दुःखी चेहरा करून नियम नियम असतो असं लिहिणार होते आणि तू मार्चमध्ये माझ्याकडे येणार होतीस. अशी दुष्ट आहे तुझी बहीण.

गुरुवारी कुत्रा आला. ताई, तो प्राणी काय आहे हे सांगायला भाषेत शब्द नाही. मी त्याला घेऊन सकाळी निवाबाईंच्या दुकानात गेले आणि टेबलावर ठेवून सगळ्यांना हा कोण ते विचारलं. दोघांनी पाणघोडा सांगितला. एकीनं अस्वल सांगितलं, पण आजारी. निवृत्त मास्तरांनी चष्मा लावून, उलटा-सुलटा करून, हा रताळ्यासारखा दिसणारा माणूस असावा असा निर्णय दिला. निवाबाई म्हणाल्या, पाण्यात पडलेला पाव आहे. कुत्रा कोणीही म्हणालं नाही. मी तर खूश! नापास, सरळ नापास. आनंदानं अंडं तिथंच खाल्लं.

घरी येऊन नापासाचं पत्र लिहायला बसले. कारण काय लिहावं म्हणून त्याला खिडकीशी उजेडात धरलं, तर अंग केसाळ दिसलं. मला वाटलं कुत्रा म्हणून मुद्दाम केस काढलेत, हुशारी केली. पण ताई, ते केस नव्हते. तू विणतेस, मी विकते, आपल्या दोघींना माहीत आहे. लोकर एकदा उसवून पुन्हा विणली की तंतू सुटतात. दहादा उसवली की पीळ मोडतो. याच्या पोटाची लोकर अशी पिंजली होती की माझ्याच दुकानातली आहे हे मला ओळखता येईना. वीस वेळा तरी उसवली असेल. बुडापाशी टाके असे, की कोणी डोळे बांधून घातलेत. पाठीवर येईपर्यंत ते ओळीत चालायला लागले, आणि डोक्याच्या शेवटच्या तीन फेऱ्या, ताई, तू घालतेस तशा. लबाडी म्हणावी तर तुझा शेवटचा टाका डावीकडे कलतो, हा सरळ होता.

आणि सगळ्या गुंड्यात एकही गाठ नाही. मी भिंग घेऊन शोधली. म्हणजे वीस वेळा उसवताना या माणसानं एकदाही वैतागून धागा तोडला नाही. तोच माणूस ना गं, रबरी चेंडू समुद्रात फेकणारा?

मग मी थोडी रडले. मग कुत्र्याला गल्ल्याशेजारी ठेवलं. दोघी गिऱ्हाइकांनी विकत मागितला, पाणघोडा म्हणून.

ताई, माझी संमती आहे. धाकटी असून मोठीला निरोप देते, हे उलटंच झालं. पण दे बाई, मला तेवढा मान. खुशाल लग्न कर. खोलीत मी पुन्हा लोकर भरीन, वाडग्यात सुया ठेवीन.

तुमच्या दोघांच्या लोभात मला कुठंतरी कोपऱ्यात जागा असू दे.

तुझी,
मिनेको


हिवाशिमा,
३ मार्च २००६

चि. मिनेको हिस,
अ. उ. आ.

कसलं लग्न?

आज सकाळी तुझं पत्र वाचलं आणि चुलीवरचं सूप उतू गेलं. कसली मागणी, कसली परीक्षा, कसला निकाल? मला या जगात कोणी काहीही विचारलेलं नाही! गेला महिनाभर कप्तान वर्गात माझ्याशी चकार शब्द बोलत नव्हते. चहा दिला की मान डोलवायचे आणि पळायचे. मला वाटलं काही चुकलं माझं, रागावले. तीन रात्री नीट झोप नाही. तोमेआजी म्हणाल्या, अगं त्याला दाढदुखी असेल. आणि तिकडं तुम्ही दोघं कुत्र्याची देवाणघेवाण करताय!

मी तशीच ॲप्रनवर, पत्र हातात घेऊन धक्क्यावर गेले. कप्तान आणि ते तिघे खलाशी उन्हात बाकावर विणत बसले होते. मी समोर उभी राहिले आणि विचारलं, कप्तान, माझं लग्न ठरलंय म्हणे, तुमच्या काही कानावर आलं का? त्यांनी वर न बघता हात वर करून मला थांबवलं. मोजत होते. एकतीस, बत्तीस, तेहेतीस. तिघे खलाशी श्वास धरून माझ्याकडे बघतायत. छत्तीसला फेरी संपली, खुणेची पिन लावली, आणि मग त्यांनी वर बघितलं. मिनेको, तुझ्या दुकानात तसली लाल लोकर नसेल.

म्हणाले, निकाल लागेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही असा हुकूम होता. मी म्हटलं, कुत्र्याबद्दल बोलायचं नव्हतं हो, माझ्याशी बोलायला काय झालं होतं? तर म्हणाले, एक बोललो असतो तर दुसरं तोंडातून गेलंच असतं. मी म्हटलं, बरं, आता निकाल लागला, पास झालात, मग विचारा. ते तिघांकडे बघून म्हणाले, इथं? मी म्हटलं, इथंच, देवमाशाच्या वेळी तर अख्खं गाव होतं.

ते उठले. टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. म्हणाले, मला असलं काही बोलता येत नाही. आणि मग, मिनेको, बोट सुटताना धावत येणाऱ्या माणसांना ते एकेचाळीस वर्षं ज्या आवाजात ओरडायचे ना, अगदी त्याच आवाजात मला म्हणाले, येताय का? फळी काढतोय!

आणि मी काय म्हणाले असेन? या बेटावरचा प्रत्येक उशीर झालेला माणूस म्हणतो तेच. म्हटलं, थांबा हो, आले!

मग त्या तिघांनी टाळ्या वाजवल्या, एकाचा खेकडा पाण्यात पडला, तो गळानं काढेपर्यंत तोमेआजी आल्या आणि आपल्याला सगळं ऑक्टोबरपासून माहीत होतं असं सांगून गेल्या.

घरी येऊन देव्हाऱ्यात तुझ्या भावोजींच्या तसबिरीपुढं बसले. घंटा वाजवली, सगळं सांगितलं आणि थोडा वेळ वाट बघितली. काही पडलं नाही, काही फुटलं नाही. ते होते तेव्हाही त्यांची संमती अशीच कळायची.

आता तुझ्या खोलीचं. तिथं लोकर भरशील तर खबरदार. तुझा दुकानाचा मोसम ऑक्टोबर ते फेब्रुवारी, बरोबर? तेवढे पाच महिने आम्ही दोघं तुझ्याकडे, उरलेले सात इकडे, आणि ऑगस्टात तू दुकान बंद करून आमच्याकडे. हे मी ठरवलेलं नाही, त्यांनी ठरवलं. मी भीतभीत विषय काढला, तर म्हणाले, एकेचाळीस वर्षं या धक्क्यावरून त्या धक्क्यावर गेलो आणि दर संध्याकाळी परत आलो, संध्याकाळी परत यावं लागत नाही अशा ठिकाणी एकदा जायचंय. तो कॉफीवर फुकट मिळणाऱ्या अंड्याचा विषय त्यांनी मला तीनदा विचारून घेतला. खरंच देतात का, रोज देतात का.

वाडगे आता तीन लागतील. तिसरा मी आणते.

तुझी दुष्टाईसुद्धा पोचली आणि आवडली. तशीच माया ठेव.

तुझी,
सावाएताई


इचिनोमिया,
११ मार्च २००६

ती. ताई आणि ती. भावोजी यांना,
शि. सा. न. वि. वि.

भावोजी हा शब्द लिहायला सात वर्षांनी पेन उचललं. बरं वाटलं.

ताई, तुझं पत्र निवाबाईंच्या दुकानात उघडलं, ही माझी चूक झाली. फळी काढतोय पाशी आले आणि मला उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवावं लागलं. मास्तरांनी चष्मा पुसला. निवाबाईंनी सांगितलंय, ऑक्टोबरात कप्तानांना दोन अंडी, पण आपण त्यांच्या प्राण्याला पाव म्हटलं होतं हे त्यांना सांगायचं नाही. मी कबूल केलं आणि इथं लिहिलं.

लग्नाची नोंद करायला नगरपालिकेत जाल तेव्हा भावोजींनी सही उजव्या हातानं करावी, असा माझा हट्ट आहे. वेळ लागला तर कारकुनाला थांबू दे.

घरात जोरात काम चाललं आहे. वरच्या खोलीचा जिना उभा आहे, तुला माहीत आहे. काल सुताराला बोलावून म्हटलं, धरायला कठडा लाव. त्यानं विचारलं कुठल्या बाजूला. मी म्हटलं डावीकडे, येणाऱ्या माणसाचा डावा हात भक्कम आहे. तर तो म्हणाला, बाई, चढताना डावीकडे, पण उतरताना तोच हात समोरच्या भिंतीकडे येणार, तेव्हा काय धरतील? मी जिन्यात उभी राहून चारदा वर गेले, चारदा खाली आले, आणि त्याचं खरं निघालं.

शेवटी दोन्ही बाजूंना लावून घेतले. आता जिन्यात एका वेळी एकच माणूस मावतं. तेव्हा एकामागून एक चढा, पण दोघंही या.

तुमचीच,
मिनेको